आवक-जावक

आवक क्रमांक दोनशे सत्तेचाळीस:
झुल्मिरा न्यांतुंबो, मोझांबिक, बीएस्सी प्रथम वर्ष.
अर्जातले चौकोन संपले, नाव उरलं.
शेवटची दोन अक्षरं मी समासात लिहिली.
सरांनी विचारलं, हे काय बाहेर आलंय?

चतुर्थीला दोन दिवस होते.
वाळपईच्या बाजारात माटोळीची रानफळं उतरलेली.
ती ऑफिसच्या दारात, हातात आमचं माहितीपत्रक,
पहिल्या पानावर समुद्र.
तो फोटो मीच निवडला होता.
गोवा म्हटल्यावर समुद्र लागतोच, असं ठरलं होतं मीटिंगमध्ये.
तिनं खिडकीबाहेर पाहिलं:
फणस, डोंगर, पुन्हा फणस,
सायकल स्टँडवर बसलेली म्हैस.
"समुद्र कुठल्या मजल्यावरून दिसतो?"
आमचं कॉलेज एका मजल्याचं.

मी तिच्याशी मोठ्यानं बोलायचो.
इंग्रजी कमी पडलं की आवाज चढवायचा,
सव्वीस वर्षांच्या नोकरीची सवय.
ती पूर्ण ऐकून घ्यायची,
मग हळू म्हणायची, "मला ऐकू येतं, सर."

चतुर्थीला हॉस्टेल रिकामं झालं.
यादी माझ्याकडेच:
एकोणचाळीस मुली, घरी जात असल्याच्या अडतीस सह्या.
कोरा राहिलेला रकाना मी पाहिला,
कुलूप ओढून बघितलं आणि घरी गेलो.
तिसऱ्या दिवशी नेवरी मोडताना
सारण ताटात सांडलं, तेव्हा आठवला तो रकाना.

स्कूटरला डबा अडकवून पोचलो.
मेस बंद. वॉचमन झर्मेकरची खुर्ची भिंतीला पालथी.
ती पायरीवर बसून नुसता पाव खात होती,
पोदेराचा, सकाळचा, आता चिवट झालेला.
"पांव," ती म्हणाली, "हा एक शब्द मला येत होता."
अर्धी नेवरी खाल्ली.
अर्धी कागदात गुंडाळली, "ही उद्या."
डब्यात अजून सात होत्या, तिला दिसत होत्या.

नंतर पोलिस नोंदणीसाठी पणजी.
कदंबाच्या बसमध्ये तिच्या शेजारची जागा
होंड्यापर्यंत रिकामी. माणसं उभी होती.
मी एक रांग पुढे बसलो होतो,
तेही लिहून ठेवतो.
साखळीला एक म्हातारी चढली, केळीचा घड घेऊन.
घड हिच्या मांडीवर ठेवला,
"धर गे बाये,"
आणि हिच्याच खांद्यावर झोपली ती, पणजी येईपर्यंत.

शिक्के मिळाले तेव्हा पाच वाजून गेले होते.
मिरामारला नेलं. एकदा दाखवायलाच हवा होता.
सूर्य पाण्यात जात होता.
ती म्हणाली, "आमच्या इन्यांबानला तो पाण्यातून वर येतो."
बराच वेळ तशीच उभी.
"म्हणजे हे आमचं मागचं दार."
मला काय बोलावं कळेना.
शेवटची बस पावणेआठची, एवढं सांगितलं.
हळू आवाजात.

मार्चमध्ये, परीक्षेच्या फॉर्मांची गर्दी,
काउंटरवर बारा हात.
त्यातून तिचा आवाज, घाईचा: "शाव्ह, सर! शाव्ह!"
माझा हात खिळ्याकडे गेला,
प्रयोगशाळेची चावी काढली, दिली,
आणि मग मी थांबलो.
हे इंग्रजी नव्हतं.
तीही थांबली, चावी मुठीत.
हसली. इतके महिने तिच्या दातांत फट आहे
हे मला माहीत नव्हतं.

त्या दिवसापासून किल्ल्यांच्या वहीत
'वस्तू' या रकान्यात ती तोच शब्द लिहिते,
तिच्या अक्षरात, तिच्या स्पेलिंगात.
ऑडिटवाल्यानं पेन टेकवलं:
हे चुकलंय, दुरुस्त करा.
म्हटलं, राहू दे,
मागच्या दारी तसंच लिहितात.